साठ गुंठे घाणेरी, गाजर गवत आणि सहा शेळ्या: वीस महिन्यांचा हिशेब

‘शेळ्या सोडा, दोन महिन्यांत रान साफ!’ पडीक जमीन ज्याला दाखवावी तो हाच सल्ला देतो. तसं असतं तर गावोगावची गायरानं आज अंगणासारखी दिसली असती. शेळी घाणेरीला सहसा तोंड लावत नाही आणि गाजर गवत फार उपाशी असल्याशिवाय खात नाही. जे आवडीनं खाते त्यातलं टणक बी लेंडीतून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पेरते. तण आधी माणसानं काढायचं, तिथे गवत बसवायचं आणि मग जनावर आत घ्यायचं. हा क्रम समजायला आम्हाला एक पावसाळा लागला. कुणाचा तो वाचावा म्हणून तारखा आणि खर्चासह लिहितोय.

जमीन पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातली, मुरमाड, उताराची, आठ-नऊ वर्षं पडीक. साठ गुंठ्यांपैकी अंदाजे २२ गुंठ्यांवर घाणेरी (काहीजण टणटणी म्हणतात), उरलेल्यात गाजर गवत आणि कुसळी, खालच्या ओहोळाकडे लव्हाळा. घरी एक संकरित गाय होती. सुरुवात फेब्रुवारी २०२४ मध्ये केली.

पहिलं काम घाणेरीचं, आणि ते उन्हाळ्यातच करायचं. कोयत्यानं बुडातून छाटली की पावसात एकेका बुडख्याला आठ-दहा फुटवे येतात, कारण फुटणारे डोळे खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथेच, जमिनीलगत असतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी सांगितलेली पद्धत आम्ही वापरली: मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप तिथेच मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं. उलटं ठेवल्यानं फांद्या पुन्हा मातीला लागून रुजत नाहीत. कामाला माणसं जोडीनं लागतात. एकानं बेचक्याच्या काठीनं फांद्या उचलून धरायच्या, दुसऱ्यानं बाजूनं कुदळ तिरकी घालायची. वरून घाव घातला तर बुडखा चिरतो, तुटत नाही, आणि चिरलेला बुडखा हमखास फुटतो. नीट तुटलेलं मूळ ओळखायची खूण सोपी आहे: झुडपाच्या बुडाला मातीचा लहानसा गड्डा येतो आणि खड्ड्यात मुळाचा फक्त पांढरट तुकडा दिसतो, हिरवट साल दिसत नाही. साल दिसली तर आणखी दोन बोटं खाली.

काळी पिकलेली फळं असलेल्या फांद्या आधी वेगळ्या काढून गोणीत भरल्या. बुलबुल ती खातात आणि झाडाखाली बी टाकतात. म्हणून पुढच्या पावसात रोपं शोधायची ती आधी आंब्या-बाभळीच्या बुडाशी. एकूण ३१ मजूर-दिवस लागले, ६०० रुपये रोजानं १८,६०० रुपये. जेसीबीचा सल्लाही आला होता, तासाला १,२०० रुपये. उताराच्या मुरमाड जमिनीवर तो वरची चार बोटं मातीच ओढून नेतो आणि खोडाचे तुकडे गाडून ठेवतो, ते ओल मिळताच फुटतात. स्वस्त वाटतं, पण नाही.

या काळात गाय त्या बाजूला बांधायची नाही. चाऱ्याची टंचाई असली की गाय घाणेरीला तोंड लावते. दोन-तीन दिवसांनी खाणं बंद, शेण आवळलेलं, डोळे पिवळे, आणि उन्हात उभी राहिली की नाकाची व सडांची पांढरी कातडी तडकते. अशी लक्षणं दिसली तर जनावर लगेच सावलीत घ्यायचं आणि १९६२ वर फोन करायचा. हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. घरगुती तेल-ताक पाजत बसण्यात जातो तो वेळ महागात पडतो, कारण विष पोटात साठून राहतं आणि यकृतावर काम करत राहतं.

मे महिना कागदांचा. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात वैरण बियाण्याचा अर्ज दिला. सोबत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि गाईच्या कानातल्या पिवळ्या टॅगचा १२ अंकी नंबर. टॅगचा एक अंक आम्ही चुकीचा लिहिला, म्हणून दुसरी फेरी झाली. टॅगचा फोटोच मोबाइलमध्ये ठेवा, नंबर पाठ करू नका. अर्ज मेच्या मध्यावर दिला म्हणजे उशीरच केला. बियाणं हाती आलं जुलैत, तोवर आमची लागवड उरकली होती. फेब्रुवारीतच चौकशी करायला हवी होती. त्याच महिन्यात गाईला घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतली. लसीकरणाची तारीख दवाखान्यात विचारून भिंतीवर लिहा, पाऊस सुरू झाला की डॉक्टर आणि आपण दोघंही अडकतो.

८ जून २०२४ ला पहिला चांगला पाऊस. त्यानंतर बाराव्या दिवशी घाणेरी काढलेल्या मोकळ्या जमिनीवर गाजर गवताची हिरवी चादर. चूक इथे झाली. आम्ही २२ गुंठे साफ केले, पण तिथे काय बसवायचं त्याची तयारी ठेवली नव्हती. उघडी माती म्हणजे गाजर गवताला आमंत्रण. एका रोपाला हजारोंनी बी येतं, उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फूल धरतं, आणि जून ते ऑक्टोबर प्रत्येक उघडिपीनंतर नवी फळी उगवते. हे तण देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पन्नासच्या दशकात, पुण्यात. म्हणजे आम्ही त्याच्या जुन्या घरातच राहतो.

फवारणीचा सल्ला लगेच आला. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला, हे एक. दुसरं म्हणजे ते गवतही मारतं, आणि जमीन पुन्हा उघडी पडली की पहिलं उगवतं ते गाजर गवतच. आम्ही उपटलं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, माती ओली असताना, फुलं यायच्या आधी. ओल्या मातीतून सोटमूळ सरळ निघतं. कोरड्या मातीत वरून तुटतं आणि बुडातून चार फांद्या फुटतात. विळ्यानं कापणं म्हणजे तेच. हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडाला फडकं. मोज्याशिवाय काम केलेल्या एका बाईंच्या मनगटावर चार दिवसांत पुरळ उठलं. ज्याला एकदा त्रास झाला त्याला पुन्हा या कामाला लावू नका, दर वेळी तो वाढतो. जून ते सप्टेंबर चार फेऱ्या झाल्या, ४४ मजूर-दिवस, ४०० रुपयांनी १७,६०० रुपये. सगळ्या कामात हाच खर्च सर्वात बोचला, कारण लागवड वेळेवर झाली असती तर तो निम्मा झाला असता.

उपटलेल्या गवताचं खत होतं, फूल आलेलं नसेल तर. खड्डा ३ फूट खोल, ६ फूट रुंद, १० फूट लांब. पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, बुडाशी फरश्या किंवा चोपलेली माती, नाहीतर खालचं पाणी जमीन पिते. साधारण ५० किलो गवताचा थर, त्यावर शेणकाला, अर्धा किलो युरिया १० लिटर पाण्यात कालवून, ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (कुजायला मदत करणारी बुरशी), थोडी माती. असे थर वरपर्यंत, वर घुमटासारखा उंचवटा करून शेणमातीनं लिंपायचं. चार-पाच महिन्यांत खत तयार. फूल आलेली झाडं मात्र खड्ड्यात घालू नका, खड्ड्याच्या कडा गरम होत नाहीत आणि बी तसंच राहतं. ती आम्ही काळ्या प्लास्टिकखाली उन्हात दाबून ठेवली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गाईचं दूध कडवट झालं. बांधावरचं गवत कापून कुट्टी केली होती, त्यात गाजर गवताची कोवळी झाडं गेली. उभं गाजर गवत गाय टाळते, पण कुट्टी करून पेंडीत मिसळलं तर तिला निवडता येत नाही. कापतानाच वेगळं काढलं आणि चार दिवसांत चव सुधारली. याच सुमारास पानांवर पिवळसर, काळपट नागमोडी रेघांचे भुंगेरे दिसले. मेक्सिकन भुंगेरा तो. १९८३ मध्ये बेंगळुरूला आणला आणि पुढच्या वर्षी सोडला. पानं चाळणीसारखी करतो, फुलं कमी करतो, पण त्याची संख्या वाढेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. भरवशाचा नाही, पण फुकटचा मजूर आहे. तो दिसला की त्या पट्ट्यात कसलंच कीटकनाशक मारायचं नाही.

आता लागवड. २० गुंठ्यांवर फुले मारवेल ०६-४० या चाऱ्याच्या गवताचे ठोंब (मुळांसकट काढलेले फुटवे), दोन बाय दीड फुटावर, म्हणजे सुमारे ७,३०० ठोंब, एक रुपयाला एक. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावले, नव्वद टक्के जगले. ओळींमध्ये स्टायलो या द्विदल चाऱ्याचं २ किलो बी. स्टायलोचं कवच कडक असतं. ८० अंशांच्या पाण्यात चार मिनिटं, मग रात्रभर साध्या पाण्यात. तापमापक नसेल तर उकळतं पाणी चुलीवरून उतरवून थोडं निवू द्या. थेट उकळत्यात टाकलं तर बी शिजतं. दहा गुंठे नेपियर (फुले जयवंत), तीन बाय दोन फुटावर दोन डोळ्यांच्या कांड्या, कापून आणायचा चारा म्हणून. बांधाच्या बाहेरच्या कडेला टाकळ्याचं बी फेकलं. टाकळा गाजर गवताला दाटीनं मागे हटवतो आणि जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच तो चराईच्या आत घालायचा नाही.

नेपियरच्या तुकड्यासाठी शेणखताची एक ट्रॉली विकत घेतली, ३,५०० रुपये. तीन आठवड्यांत सऱ्यांमधून गाजर गवत आणि लव्हाळा वर. खत अर्धवट कुजलेलं होतं आणि आम्ही न तपासता पसरलं. आता तपासतो. खताचा नमुना घमेल्यात चार बोटं जाडीनं पसरायचा, ओला ठेवायचा, पंधरा दिवस रोपं मोजायची. घरच्या खताचा ढीगही बदलला: पाच बाय पाच फूट, चार फूट उंच, दहा दिवसांनी एकदा अशी तीनदा पलटी, दर वेळी कडेचं आत आणि आतलं कडेला. मधोमध लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढली की हातात धरवत नाही, एवढी ऊब लागते, म्हणजे ५५-६० अंश. तेवढ्यात बहुतेक तणांचं बी मरतं. पहिल्या ढिगाच्या घमेल्यात १४ रोपं उगवली होती, तीन पलट्या दिलेल्या ढिगात दोन.

सप्टेंबर २०२४: कुंपण. सौर झटका मशीन ११,५०० रुपये, १२ व्होल्टची बॅटरी आणि पॅनेल त्यातच. परीघ ३२० मीटर, चार तारा म्हणजे जवळपास १,३०० मीटर जीआय (जस्त चढवलेली) तार. कोपऱ्यांना लोखंडी अँगल, मध्ये बांबू. शेळीसाठी तारा जमिनीपासून ८, १६, २६ आणि ३८ इंचांवर. पहिली तार वर गेली की करडू खालून निघतं. अर्थिंगला सहा फुटी तीन जीआय सळया, एकमेकींपासून दहा फुटांवर. मुरमाड जमिनीत अर्थिंग हाच कच्चा दुवा: जानेवारीनंतर माती सुकली की झटका बसत नाही, तेव्हा सळयांच्या बुडाशी आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी. आणि घरची वीज थेट तारेला जोडायची नाही म्हणजे नाही. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

तण आणि कुंपण यांचं नातं कुणी सांगत नाही. पहिल्याच महिन्यात मशीनवर ७,००० व्होल्ट आणि लांबच्या कोपऱ्यात २,५०० असा फरक आला. तार कुठेच तुटली नव्हती. ओहोळाच्या बाजूला केना आणि गवत खालच्या तारेला टेकलं होतं, आणि पानावर पाणी असताना प्रत्येक काडी थोडा थोडा करंट जमिनीत सोडत होती. कान दिला की टिक-टिक ऐकू येते, संध्याकाळी ठिणगीही दिसते. उपाय दोन. तारेखाली दोन फुटांचा पट्टा दर पंधरा दिवसांनी ग्रास कटरनं मारायचा, आणि सर्वात खालच्या तारेला वेगळा कट-आउट (बंद-चालू करायचा स्विच) ठेवायचा. ऑगस्टमध्ये गवत हाताबाहेर गेलं तर तेवढी तार बंद करून वरच्या तीन चालू ठेवता येतात. शेळीच्या केसांची आडकाठी पाहता लांबच्या टोकाला ४,००० व्होल्टच्या खाली गेलं की ती तारेला नाक लावून बघते, आणि एकदा निघाली की बाकीच्या पाच तिच्या मागे.

शेळ्या आणल्या २१ सप्टेंबरला. संगमनेरी, सहा, त्यातल्या चार गाभण, सरासरी ११,५०० रुपये. बाजारातून न घेता ओळखीच्या कळपातून घेतल्या, कारण लसीकरणाची नोंद आणि कानातला टॅग तिथेच बघता आला. १ जून २०२४ पासून राज्यात टॅगशिवाय खरेदी-विक्रीला मनाई आहे, म्हणून व्यवहाराआधी टॅग तपासाच. तीन आठवडे वेगळ्या गोठ्यात. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस झालेली होती, आंत्रविषाराचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतरानं दिले. लेंडीची तपासणी दवाखान्यात झाली आणि जंतनाशक डॉक्टरांनीच ठरवलं. गाभण शेळीला काही जंतनाशकं चालत नाहीत, दुकानातून आणून स्वतः पाजू नका. या वेगळेपणाचा तणाशीही संबंध आहे. पहिले पाच दिवस गोठ्यातली लेंडी सगळी गरम ढिगात टाकली, कारण आधीच्या रानातलं बी याच दिवसांत बाहेर पडतं. केसांत अडकलेली गोखरूची काटेरी फळंही हातानं काढली, सहा शेळ्यांच्या अंगावरून ओंजळभर निघाली.

चराईला मारवेलचे २० गुंठे आणि वरचं २० गुंठे कुसळीचं रान, असे ४० गुंठे. त्याचे पाच-पाच गुंठ्यांचे आठ तुकडे, मध्ये दोन तारांचं हलवता येणारं कुंपण. एका तुकड्यात चार दिवस, म्हणजे परत यायला २८ दिवसांची विश्रांती. चार दिवस यासाठी की ओल्या हवेत लेंडीतल्या जंतांच्या अळ्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून गवतावर चढायला लागतात. शेळ्यांमागून दोन दिवस गाय. तिला शेळ्यांचे बहुतेक जंत लागत नाहीत आणि शेळ्यांनी सोडलेलं उंच गवत ती खाते. गवत चार बोटांखाली गेलं की तारीख न बघता बाहेर काढायचं. पहिल्या वर्षी मारवेलचे तुकडे फार खरवडू दिले असते तर पुन्हा उघडी माती, पुन्हा गाजर गवत. मारवेलमध्ये खरी चराई म्हणूनच डिसेंबरपर्यंत केलीच नाही, नेपियर आणि कडब्यावर भागवलं.

रोज सोडण्याआधी मूठ-दोन मूठ सुका चारा. उपाशी शेळी विचार करत नाही. ओहोळाच्या गाळात शंकेश्वराची दोन पानांची रोपं उगवतात, ती विषारी असतात, आणि शेजारच्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले तर किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागतं. या दोन्ही जागा आम्ही तारेबाहेर ठेवल्या. दर आठवड्याला शेळीची खालची पापणी उलटून बघायची: लाल-गुलाबी ठीक, फिकी पडली तर दवाखाना, जबड्याखाली सूज असेल तर त्याच दिवशी. रात्री बिबट्यामुळे बंदिस्त गोठा, वरूनही जाळी.

जून २०२५ मध्ये गाजर गवत पुन्हा मोजलं. एक मीटरची चौकट दहा ठिकाणी टाकून. मारवेल दाट झालेल्या भागात चौकटीत सरासरी सहा रोपं, आदल्या वर्षी साठच्या वर होती. कुसळीच्या भागात अजून तीस. घाणेरीचे बुडखे ११ फुटले, सगळे चिरलेले. रोपं मात्र आंब्याखाली शेकड्यानं, ती दोन दिवसांत हातानं उपटली. या वर्षीची मजुरी गाजर गवतासाठी १३ दिवस. आतापर्यंत मजुरी, गवत, कुंपण, शेळ्या धरून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास गेले. तीन बोकड विकून २६,००० आले. ज्यांना पहिल्या वर्षी फायदा हवा त्यांनी हे करू नये.

लव्हाळा जागचा हललेला नाही. शेळ्या त्याची कोवळी पाती खातात, खालचे गाठे तसेच. यंदा त्या पट्ट्यात ताग दाट पेरून सावली करून बघायची आहे. बियाणं आणलंय, घमेल्यात उगवण तपासायला टाकलंय.